एका रेषेवर किती भरवसा ठेवायचा? : सौरवातातली खळबळ मोजण्याच्या पद्धती



आजचा विषय नावाने जड आहे, पण आजच तो का घ्यायचा याचं कारण सोपं आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोचं आदित्य-एल१ यान निघालं, ६ जानेवारी २०२४ रोजी ते एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं आणि ११ जानेवारीला त्याचा घडी घातलेला सहा मीटरचा दांडा उघडला. त्या दांड्यावर दोन मॅग्नेटोमीटर आहेत, एक तीन मीटरवर आणि एक टोकाला. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर, सूर्याच्या दिशेला, आपलं स्वतःचं उपकरण सौरवाताचं चुंबकीय क्षेत्र मोजतं आहे, आणि ती माहिती इस्रो लोकांसाठी खुली करते. म्हणजे कल्याणच्या बिर्लामध्ये किंवा ठाण्याच्या बांदोडकरमध्ये फिजिक्स शिकणारी मुलगी घरी बसून ती उतरवून घेऊ शकते. ही साधी गोष्ट नाही. आमच्या पिढीला असा डेटा मिळवायचा तर परदेशातल्या कुणाला तरी पत्र लिहावं लागायचं.

आता ती मुलगी पुढे काय करेल? बहुतेक वेळा हे करेल: आकडे संगणकात घालेल, फूरिये रूपांतर करेल, दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन आलेख काढेल, त्यात एक सरळ रेषा बसवेल आणि उतार उणे १.६७ आला की लिहील, ‘सौरवातात कोल्मोगोरोव्ह प्रकारची खळबळ आढळली.’ प्रकल्प संपला.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ती रेषा खोटी नाही. पण तिच्यावर जेवढं ओझं टाकलं जातं, तेवढं ती पेलू शकत नाही. त्या एका उतारावरून आपण ज्या गोष्टी सिद्ध झाल्या असं म्हणतो, त्यातल्या निम्म्या गोष्टी त्या उतारात नसतातच. आज आपण प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारणार आहोत: तू काय सांगतेस, आणि काय सांगत नाहीस?

आधी खळबळ म्हणजे काय ते बघू. पावसाळ्यात उल्हास नदीला पाणी चढलं की पुलावरून बघा. मोठे भोवरे दिसतात, त्यांच्यातून मधले निघतात, त्यांच्यातून बारीक. शेवटी इतके बारीक होतात की पाण्याचा चिकटपणा त्यांना गिळून टाकतो आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जाते. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर ऊर्जा घरंगळत येते. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये यावर विचार करून दाखवलं, की मधल्या पायऱ्यांवर ऊर्जेची वाटणी एका ठरावीक नियमाने होते: भोवरा जितका लहान तितकी ऊर्जा कमी, आणि ही घट उणे ५/३ या घाताने. पाणी असो वा हवा, मधल्या टप्प्यात नियम तोच.

सौरवात म्हणजे सूर्यापासून सतत वाहणारा भारित कणांचा झोत. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये तो असणारच असं गणिताने सांगितलं, आणि १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो सलग मोजला. पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारण ३०० ते ८०० किलोमीटर दर सेकंदाला, घनता एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-सात प्रोटॉन, आणि चुंबकीय क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या आसपास. आपल्या पायाखाली, इथे ठाण्यात, पृथ्वीचं क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लाच्या घरात आहे. म्हणजे आपण फार नाजूक गोष्ट मोजतो आहोत. म्हणून तर दांडा सहा मीटरचा, आणि म्हणून मॅग्नेटोमीटर दोन. यानाच्या स्वतःच्या तारांमधून वीज वाहते, तिचंही क्षेत्र असतं. ते अंतराबरोबर झपाट्याने घटतं, सौरवाताचं मात्र तीन मीटरवर आणि सहा मीटरवर सारखंच असतं. दोन्ही वाचनांतल्या फरकावरून यानाचा वाटा ओळखून वजा करता येतो.

ही अडचण आपल्या भागाला नवी नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. ट्राम गेल्या, पण अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. आज नवी मुंबईत पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही त्याच घराण्याची. उपकरण कुठे ठेवायचं इथपासून विश्लेषण सुरू होतं, हा धडा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच गिरवलेला आहे.

आता पहिली पद्धत. खरं तर ही पद्धत नाही, एक गृहीतक आहे, आणि बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. यान एका जागी आहे. ते काळानुसार आकडे देतं: या क्षणी क्षेत्र इतकं, पुढच्या क्षणी इतकं. आपल्याला मात्र भोवऱ्यांचा आकार हवा आहे, म्हणजे अंतर हवं आहे. काळाचं अंतर कसं करायचं?

कोपर स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. समोरून फास्ट लोकल न थांबता जाते. तुम्ही जागचे हलत नाही, डबे तुमच्यासमोरून सरकतात. दारात लोंबकळणारी गर्दी किती सेकंद दिसली ते मोजलं आणि गाडीचा वेग माहीत असला, तर गर्दी किती मीटर लांब होती ते सांगता येतं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. अर्धा सेकंद दिसली तर दहा मीटर. साधा गुणाकार आहे. पण एक अट आहे: गाडी समोरून जाईपर्यंत डब्यातली माणसं आपापल्या जागी असली पाहिजेत. ती सेकंदाला एखाद मीटर सरकली तर चूक पाच टक्क्यांची, चालून जाईल. गाडी फलाटाला लागली आणि माणसं चढ-उतार करू लागली, तर मात्र हा हिशोब संपला.

जी. आय. टेलर यांनी १९३८ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यासाठी हेच गृहीत धरलं होतं, की खळबळ जणू गोठलेली आहे आणि वारा तिला उपकरणासमोरून वाहून नेतो. सौरवातात डब्यातली माणसं म्हणजे आल्फव्हेन तरंग. पृथ्वीजवळ त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५० किलोमीटर आणि गाडीचा ४०० किलोमीटर. आठास एक. म्हणून एल१ वर हे गृहीतक चालतं. एक सेकंदाचा बदल म्हणजे ४०० किलोमीटर, शंभर सेकंदांचा बदल म्हणजे ४०,००० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या तिप्पट. एका तासाचा बदल म्हणजे साडेचौदा लाख किलोमीटर, जवळजवळ एल१ पासून आपल्या घरापर्यंत.

पण ‘चालतं’ आणि ‘सगळीकडे चालतं’ यांत फरक आहे. एप्रिल २०२१ मध्ये पार्कर सोलर प्रोब सूर्याच्या इतकं जवळ गेलं की तिथे वाऱ्याचा वेग आल्फव्हेन वेगापेक्षा कमी भरला. तिथे लोकल फलाटावर थांबलेली आहे! एल१ साठी लिहिलेला तोच प्रोग्रॅम तिथे तसाच चालवणं म्हणजे चढ-उतार चालू असताना गर्दीची लांबी काढणं. अतिसूक्ष्म अंतरांवर, जिथे जलद तरंग असतात, तिथेही ही शंका घ्यावीच लागते. तेव्हा निबंधात एक ओळ हवी: वाऱ्याचा वेग इतका, आल्फव्हेन वेग इतका, म्हणून गृहीतक धरलं. या ओळीला दोन मिनिटं लागतात. ती गाळली तर वाचणाऱ्याने आलेखाच्या आडव्या अक्षावर विश्वास का ठेवावा?

आता मुख्य पात्र: पॉवर स्पेक्ट्रम. चढउतारांच्या शक्तीची वारंवारतेनुसार वाटणी. १९६८ मध्ये पॉल कोलमन यांनी मरिनर-२ चे आकडे घेऊन सौरवाताकडे खळबळ म्हणून पाहिलं, तेव्हापासून हा आलेख या विषयाचा चेहरा झाला आहे. त्याचे तीन भाग असतात. अगदी सावकाश बदलांना, काही तासांच्या वर, उतार उणे एकच्या आसपास, म्हणजे सूर्याकडून आलेला कच्चा माल. मधे उणे ५/३ च्या जवळचा लांब पट्टा. आणि सेकंदाच्या आसपास एक गुडघा, त्याच्यापुढे रेषा एकदम तीव्र उतरते, कारण तिथे प्रोटॉनांच्या घिरट्यांचा आकार येतो आणि द्रवाचे नियम संपतात.

या पद्धतीचं श्रेय तिला देऊ. ती स्वस्त आहे, कुठल्याही दोन यानांची तुलना करू देते, आणि तो गुडघा तिच्याशिवाय सहज दिसला नसता. पण तिच्याविरुद्ध आमच्या चार तक्रारी आहेत.

पहिली, आकडेमोडीची. फूरिये रूपांतर वारंवारता समान अंतराने देतं, आणि आपण रेषा लॉग कागदावर बसवतो. परिणाम काय? सगळ्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू शेवटच्या दशकात, म्हणजे उजव्या टोकाला गोळा होतात. रेषा तुम्ही बसवत नाही, ती उजवी गर्दी बसवते, आणि उपकरणाचा गोंगाट नेमका तिथेच असतो. उपाय साधा आहे: आधी लॉग अंतराने खाने पाडा, सरासरी घ्या, मग रेषा बसवा.

दुसरी, टोकांची. निवडलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला क्षेत्र ३ नॅनोटेस्ला आणि शेवटी ८ असेल, तर फूरियेला वाटतं की शेवटाला एक कडा आहे, कारण ते तुकडा पुन्हा पुन्हा जोडून बघतं. त्या नसलेल्या कड्याचा स्वतःचा उतार उणे दोन असतो आणि तो खऱ्या स्पेक्ट्रममध्ये गळतो. तुकड्याच्या टोकांना हळूहळू शून्याकडे नेणारी खिडकी लावली नाही, तर तुमच्या उतारात या कड्याचा वाटा आहे.

तिसरी, फरकाची. कोल्मोगोरोव्हचा ५/३ म्हणजे १.६७. चुंबकीय द्रवासाठी इरोश्निकोव्ह यांनी आणि १९६५ मध्ये क्रेचनन यांनी वेगळं सुचवलं: ३/२, म्हणजे १.५०. दोहोंत अंतर फक्त ०.१७. रेषेची टोकं थोडी इकडे-तिकडे सरकवून उतार जर ०.१ ने हलत असेल, तर कोणता सिद्धान्त जिंकला हे तुम्ही सांगू शकत नाही. आणि निसर्गही एकच उत्तर देत नाही. पार्कर प्रोबच्या आकड्यांत सूर्याजवळ चुंबकीय क्षेत्राचा उतार ३/२ च्या जवळ दिसतो आणि बाहेर येता येता ५/३ कडे सरकतो. पृथ्वीजवळ क्षेत्राचा उतार ५/३ असतानाच वेगाचा उतार ३/२ च्या जवळ असतो. मग ‘सौरवाताचा उतार’ हा शब्दप्रयोगच सैल नाही का? कशाचा उतार, कुठे, किती वेगाच्या वाऱ्यात, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे.

चौथी तक्रार सगळ्यांत मोठी. एखाद्या पानावरची अक्षरं मोजा: क इतके, म इतके, र इतके. ही मोजणी तंतोतंत बरोबर असेल. पण तेवढ्यावरून ते पान अभंगाचं आहे की वीजबिलाचं, सांगता येईल? अक्षरांचा क्रम तुम्ही फेकून दिला. पॉवर स्पेक्ट्रम हेच करतो. प्रत्येक तरंगाची शक्ती ठेवतो आणि त्याची कला, म्हणजे तो कुठे सुरू झाला, ती टाकून देतो. तुम्ही घरी करून बघा: खऱ्या आकड्यांचं रूपांतर करा, शक्ती तशीच ठेवा, कला पत्त्यांसारख्या पिसा आणि उलट रूपांतर करा. दोन्हींचा स्पेक्ट्रम तोच. पण मूळ आलेखात क्षेत्र अचानक दिशा बदलतं, कडे दिसतात, मधे शांतता असते. पिसलेल्या आलेखात नुसता सपाट गोंगाट.

हे कडे किती महत्त्वाचे? अमेरिकेच्या जो बोरोव्स्की यांनी २०१० मध्ये एसीई यानाच्या साडेआठ वर्षांच्या आकड्यांतून फक्त मोठे कडे वेचले. त्यांची वेळ आणि उंची तशीच ठेवून एक कृत्रिम मालिका तयार केली, आणि तिचा स्पेक्ट्रम काढला. उतार आला ५/३ च्या जवळ! शिवाय त्या पट्ट्यातली साधारण निम्मी शक्ती या कड्यांचीच निघाली. म्हणजे ज्या उताराला आपण भोवऱ्यांच्या पायऱ्यांचा पुरावा म्हणतो, तो कड्यांच्या रांगेतूनही निघू शकतो. यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर आहे आणि ते वजनदार आहे: खळबळ स्वतःच असे कडे घडवते, भोवऱ्यांच्या सीमेवर विद्युतप्रवाहाचे पातळ पडदे तयार होतात, तेच हे कडे. उलट पक्ष म्हणतो, नाही, हे सूर्यावरून आलेल्या चुंबकीय नळ्यांचे काठ आहेत, म्हणजे स्पॅगेटीच्या गुच्छासारखं काहीतरी. खरं काय ते वादात आहे. आमचा मुद्दा इतकाच की हा वाद पॉवर स्पेक्ट्रमने मिटणार नाही. ज्या साक्षीदाराने क्रम पाहिलाच नाही, त्याला क्रमाबद्दल विचारून काय उपयोग?

म्हणून पुढची पद्धत येते: स्ट्रक्चर फंक्शन. नाव मोठं, काम साधं. दोन क्षणांतला फरक घ्यायचा, त्याचा घात करायचा, सरासरी काढायची, आणि अंतर वाढवत न्यायचं. दुसऱ्या घाताने स्पेक्ट्रमचंच उत्तर वेगळ्या वेशात मिळतं: तिथे ५/३ तर इथे २/३. खरी मजा वरच्या घातांत आहे. खळबळ सगळीकडे सारखी पसरलेली असेल तर घातांक एका सरळ रेषेत वाढतात. प्रत्यक्षात ते वाकतात, कारण ऊर्जा जिरण्याचं काम थोड्या जागी, झटक्यांनी होतं. आपल्या पावसासारखं. जुलैची सरासरी काढली तर रोज सारखाच पाऊस पडला असं वाटेल. खरं म्हणजे महिन्याचा मोठा वाटा दोन-चार दिवसांतच कोसळलेला असतो.

पण इथेही सावध राहा. वरच्या घाताची सरासरी मोजक्या मोठ्या झटक्यांवर टांगलेली असते. एक व्यवहारी नियम आहे: मोजणीची संख्या दहाच्या जितक्याव्या घाताची, त्यातून एक वजा करा, तेवढ्या घातापर्यंतच विश्वास ठेवा. एक लाख मोजण्या म्हणजे दहाचा पाचवा घात, तर चौथ्या घातापर्यंत. याच आकड्यांतून आठव्या घाताचा वाकलेला आलेख दाखवला जातो तेव्हा तो बहुधा दोन-तीन कड्यांचं चरित्र असतं, सौरवाताचं नव्हे.

तिसरी, दिशेची पद्धत. चुंबकीय क्षेत्र असलं की सगळ्या दिशा सारख्या राहात नाहीत. गोल्डराइख आणि श्रीधर यांनी १९९५ मध्ये मांडलं, की भोवरे क्षेत्राच्या दिशेने लांबट होतात, शेवग्याच्या शेंगेसारखे. आडवं मोजलं तर उतार ५/३, लांबीच्या दिशेने मोजलं तर २. हे तपासायला वेव्हलेट वापरतात, कारण ते दर क्षणी, दर मापाला, स्थानिक क्षेत्राची दिशा काढू देतात. २००८ मध्ये हॉर्बरी आणि सहकाऱ्यांनी युलिसिस यानाच्या आकड्यांवर असं करून हे दोन उतार दाखवले. पद्धत देखणी आहे. तिच्यातली खोच अशी, की जिच्या सापेक्ष तुम्ही चढउतार मोजता ती ‘स्थानिक दिशा’ त्याच चढउतारांतून काढलेली असते. पट्टी आणि कापड एकाच ताग्याचं. म्हणून सरासरी किती लांबीची घेतली हे बदलून पाहिलं का, एवढा प्रश्न विचारायलाच हवा.

चौथी, हिशोबाची. सौरवात पसरत जातो, तसा तो ज्या दराने थंड व्हायला हवा त्या दराने होत नाही. कुणीतरी त्याला तापवतं आहे. खळबळ तापवते असं म्हणायचं तर दर सेकंदाला किती ऊर्जा पायऱ्या उतरते ते मोजायला हवं. उतारातून ते थेट मिळत नाही. १९९८ मध्ये पोलितानो आणि पूके यांनी तिसऱ्या घाताचा एक नेमका नियम दिला, त्यातून तो दर निघतो. पण त्याला वेग आणि क्षेत्र दोन्ही लागतात, घनता लागते, आणि यात अधिक-उणे एकमेकांना खात असल्याने सरासरी स्थिर व्हायला फार मोठी नोंद लागते. आदित्यवर मॅग्नेटोमीटरच्या जोडीला अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं अ‍ॅस्पेक्स आहे, ते सौरवाताचे कण मोजतं. आपल्याकडे जोडी आहे. नुसत्या चुंबकीय आकड्यांवर थांबणं म्हणजे जमाखर्चाच्या वहीतली फक्त जमा बाजू वाचणं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अभ्यासकांचं झालं. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला यात काय? एक जुनी नोंद सांगतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक झगझगीत स्फोट पाहिला. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी जगभर चुंबकीय वादळ आलं. युरोपातल्या वेधशाळांच्या फोटोग्राफिक नोंदी कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला मात्र माणूस डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होता. एरवी तासाला एक वाचन, गडबड दिसली की पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी. म्हणून ती नोंद टिकली, आणि तीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आलेला दिसतो. २००३ मध्ये त्सुरुतानी आणि गोन्झालेझ यांच्यासह भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी ही नोंद जगापुढे ठेवली. मे २०२४ चं मोठं वादळ आठवतं? लडाखच्या हानलेहून आकाशात लाल प्रकाश टिपला गेला होता. तेव्हा जागतिक निर्देशांक शून्याखाली ४०० नॅनोटेस्लांहून थोडा जास्त गेला होता. कुलाब्याचा आकडा त्याच्या जवळपास चौपट.

पण इथे पद्धत आडवी येते. आजचा तो जागतिक निर्देशांक तासाच्या सरासरीचा आणि अनेक ठिकाणांचा असतो. कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा आणि काही मिनिटांचा. २००६ मध्ये सिस्को आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्याच नोंदीची तासाची सरासरी घेतली, तर आकडा ८५० च्या आसपास आला. नोंद तीच, शाई तीच. सरासरीची लांबी बदलली आणि वादळ निम्म्यावर आलं. ‘शंभर-दोनशे वर्षांतून एकदा येणारं वादळ’ किती मोठं धरायचं, यावर विजेच्या जाळ्यांची तयारी ठरते. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेकमध्ये अशाच वादळाने वीज गेली, ती नऊ तास. आपण विषुववृत्ताच्या जवळ, आपल्याला धोका कमी, हे खरं. पण आपल्याच जिल्ह्यात, पडघ्याला, चंद्रपूरची वीज येऊन पोचते, आणि कुलाब्याचा तो खड्डाही आपल्याच अक्षांशावरचा आहे. सरासरी किती लांबीची घ्यायची हा प्रश्न त्यामुळे नुसता परीक्षेतला राहात नाही.

आणखी एक. वादळ येणार की नाही हे मुख्यतः ठरतं सौरवाताचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं आहे का, आणि किती वेळ, यावर. एल१ वरून वारा पृथ्वीला पोचायला ४०० किलोमीटर वेगाने साधारण तासभर लागतो, ८०० ने अर्धा तास. तेवढीच सूचना मिळते. आता विचार करा: पॉवर स्पेक्ट्रम दिशेचं चिन्हच टाकून देतो. उत्तरेकडचे पाच आणि दक्षिणेकडचे पाच त्याला सारखेच. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी जमिनीवरचा माणूस त्या यानाकडे डोळे लावून बसलाय, नेमकी तीच या लाडक्या आलेखात नाही. आणि एक यान एका रेषेवरचंच सांगतं. क्लस्टरची चार यानं २००० मध्ये, एमएमएसची चार २०१५ मध्ये, याच कारणासाठी झुंडीने उडवली. एल१ वर आदित्यच्या परिसरात विंड, एसीई, डिस्कव्हर ही यानंही आहेत. त्यांचे आकडे शेजारी ठेवून बघणं फुकट आहे. दोघांनी वेगळं सांगितलं तर घाबरू नका. खळबळीचा आडवा आकार तिथूनच कळायला लागतो.

मग त्या मुलीने रेषा काढूच नये का? जरूर काढावी. पण पहिल्या पानावर काढावी, शेवटच्या नव्हे. सोबत पाच गोष्टी लिहाव्यात. वाऱ्याचा आणि आल्फव्हेन तरंगांचा वेग. तुकडा किती लांब आणि तोच का निवडला. टोकं सरकवल्यावर उतार किती हलतो. कला पिसून केलेल्या खोट्या मालिकेशी तुलना. आणि कडे वगळल्यावर काय उरतं. हे केलं आणि उतार १.६७ च्या ऐवजी ‘१.५५ ते १.७५ च्या मधे, निर्णय देता येत नाही’ असा आला, तरी तो प्रकल्प पहिल्या प्रकल्पापेक्षा मोठा आहे. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी अशा उत्तराला पूर्ण गुण द्यायला शिकलं पाहिजे. ही आमची खरी टीका आहे, आणि ती पद्धतींवर कमी, आपल्या सवयींवर जास्त आहे. ओळखीचा आकडा आला की आपण तपासणं थांबवतो. अनोळखी आला की मात्र रात्रभर प्रोग्रॅममधली चूक शोधतो. दोन्ही वेळा सारखीच झडती घेतली पाहिजे.

कुलाब्याच्या त्या १८५९ च्या निरीक्षकाकडे कुठलाही सिद्धान्त नव्हता. सौरवात हा शब्दही जन्मायचा होता. त्याने फक्त सुई हलते आहे हे पाहिलं, वाचनं वाढवली आणि दिसलं ते लिहिलं. दीडशे वर्षांनी लोक त्याच्या आकड्यांची सरासरी कशी घ्यायची यावर वाद घालू शकतात, कारण त्याने ती स्वतः घेऊन ठेवली नव्हती. आदित्यचे आकडे वापरणाऱ्यांनी एवढं पथ्य पाळावं: आपली रेषा खुशाल छापा, पण तिच्यामागचे कच्चे बिंदू आणि आपण काय काय गाळलं, तेही सोबत ठेवा.

आता प्रश्न घेऊ.